यंदाच्या गॅदरिंगला नाटक हवं

यंदा आपल्या मुलांच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाटक आहे का? गेल्या वर्षीची कार्यक्रमपत्रिका हाताशी असेल तर एकदा नजर टाका. ईशस्तवन असेल, स्वागतगीत असेल. मग एकामागून एक नाच. बहुतेक सिनेमातल्या गाण्यांवर, बाहेरून बोलावलेल्या नृत्यशिक्षकानं बसवलेले. बक्षीस समारंभ असेल, पाहुण्यांचं भाषण असेल. नाटक मात्र कितीतरी शाळांच्या पत्रिकेतून निघून गेलं आहे. जिथं उरलं आहे तिथंही दहा-बारा मिनिटांचं, आणि संवाद आधीच रेकॉर्ड करून लावलेले. मुलं स्टेजवर फक्त ओठ हलवतात.

नाच हवेतच. मुलांनी मनसोक्त नाचावं. पण नाटकाबरोबर आणखी काय निघून चाललं आहे, तिकडे आपलं लक्ष गेलेलं नाही. शाळेतलं, गल्लीतलं, सोसायटीतलं, जत्रेतलं हौशी नाटक ही दुसऱ्या माणसाच्या जागी उभं राहून जग बघायची आपली तालीम होती. तिला फी नव्हती, प्रवेशपरीक्षा नव्हती. मागच्या बाकावरच्या बुजऱ्या मुलालाही तिथं हवालदाराची टोपी मिळायची. ही तालीम आपल्या देखत बंद पडत चालली आहे. ती पुन्हा सुरू करणं आपल्या हातात आहे, आणि त्याला फारसे पैसेही लागत नाहीत. म्हणून हे आवाहन.

दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघणं कुणालाच जन्मतः येत नाही. हाइन्झ विमर आणि योझेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांना एक गोष्ट सांगून तिच्यावर प्रश्न विचारला होता. त्यांचा तो अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला. गोष्ट अशी: माक्सी नावाचा मुलगा आपलं चॉकलेट एका कपाटात ठेवतो आणि बाहेर जातो. तो नसताना आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. आता माक्सी परत आल्यावर चॉकलेट कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं साधारणपणे बेधडक दुसरं कपाट दाखवतात. चॉकलेट तिथं आहे हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणजे ते माक्सीलाही ठाऊक असणारच! चार-पाच वर्षांच्या आसपास मुलांच्या ध्यानात यायला लागतं, की माक्सीनं आईला पाहिलेलंच नाही. त्याच्या मनातलं घर आपल्या मनातल्या घराहून वेगळं आहे.

मोठं झाल्यावर ही चूक संपते असं समजू नका. पुण्यातला भाऊ गावाकडच्या भावाला फोनवर सांगतो, "परवडत नाही तर विकून टाक ना जमीन." गावाकडचा मनात म्हणतो, "ह्याचं बरंय, महिन्याच्या महिन्याला पगार." एकाला सातबाऱ्यावरचं बापाचं नाव दिसत नाही, दुसऱ्याला फ्लॅटचा हप्ता आणि नोकरी जाण्याची धास्ती दिसत नाही. दोघंही भले आहेत, दोघांचा एकमेकांवर जीव आहे. तरी दोघंही आपल्याला दिसतं तेच कपाट दाखवत राहतात.

सासू-सून, मालक-कामगार, शिक्षक-पालक, या जातीचे-त्या जातीचे, या धर्माचे-त्या धर्माचे: जिकडे बघाल तिकडे हेच चाललं आहे. त्यात हातातला फोन आपल्याला आपल्याच मताची माणसं दाखवत राहतो. घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काका आणि भाची आठवडाभर वाद घालतात आणि दिवाळीला समोरासमोर बसून एकमेकांशी धड बोलत नाहीत. असं होऊ नये असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं. पण नुसतं वाटून भागत नाही. पोहायला पाण्यात उतरावं लागतं, तसा याचाही सराव लागतो.

नाटकानं हा सराव खरंच होतो का? थालिया गोल्डस्टीन आणि एलन विनर या अमेरिकी संशोधकांनी हे तपासलं. वर्षभर अभिनय शिकणारी मुलं आणि चित्र-संगीतासारख्या दुसऱ्या कला शिकणारी मुलं यांची त्यांनी तुलना केली. २०१२ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अभिनय शिकणाऱ्या मुलांमध्ये सहानुभूती अधिक वाढलेली आढळली, आणि किशोरवयीन मुलांमध्ये तर समोरच्याच्या मनात काय चाललं आहे हे ओळखण्याची क्षमताही. एका अभ्यासावरून फार मोठे दावे करू नयेत. पण ज्यानं कधी तालीम घेतली आहे, त्याला यात नवल वाटणार नाही.

तालमीत काय होतं ते जरा जवळून बघू.

आठवीतल्या एका मुलाला सावकाराचं काम मिळतं. पहिल्या दिवशी तो डोळे वटारतो, नसलेल्या मिशीवर ताव मारतो, ओरडतो. सगळे हसतात. बाई त्याला थांबवतात आणि विचारतात, "हा माणूस घरी गेल्यावर आपल्या लेकीशी कसा बोलतो रे?" मुलगा गप्प. असा विचार त्यानं केलेलाच नसतो. मग बाई पुढचा प्रश्न टाकतात: "त्याला कशाची भीती वाटते?" दोन दिवसांनी तोच मुलगा तेच वाक्य हळू आवाजात, दाराकडे बघत म्हणतो, आणि सगळ्या वर्गाच्या अंगावर काटा येतो. सावकार चांगला झालेला नसतो. त्याचा अन्यायही कमी झालेला नसतो. पण तो आता माणूस झालेला असतो, आणि माणूस अन्याय कसा करतो हे त्या मुलाला आतून कळलेलं असतं. पुढे आयुष्यात स्वतःच्या वागण्यात तसं काही डोकावलं, तर ते ओळखण्याची थोडी तरी शक्यता त्याच्याजवळ आहे.

आता बदलीची गंमत बघा. तालमीला रोज कुणीतरी गैरहजर असतंच. "ती आली नाही, तू वाच तिची वाक्यं." काल आईशी भांडणारी मुलगी आज आईची वाक्यं वाचते. प्रसंग तोच, खोली तीच, भांडण तेच. पण काल जे वाक्य तिला टोचलं होतं, ते आज तिच्याच तोंडून येतं, आणि ते बोलताना आपला घसा का दाटतो हे तिला समजत नाही. यासाठी कुठला तास लागत नाही, पुस्तक लागत नाही. एक जण गैरहजर असावा लागतो, एवढंच.

आणि प्रॉम्प्टर! त्याच्याकडे कुणी बघत नाही. पण विंगेत वही धरून बसलेला तो मुलगा सगळ्यांची वाक्यं ओठांतल्या ओठांत बोलत असतो. राजाचीही आणि भालदाराचीही. माझ्या मते गॅदरिंगच्या नाटकात सगळ्यांत जास्त शिकतो तो हाच.

ही ताकद आपल्या माणसांनी फार पूर्वी ओळखली होती. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिलं. शेतकऱ्याची अडाणीपणापायी होणारी लूट लोकांसमोर मांडायची होती, आणि त्यासाठी त्यांनी नाटकाचा मार्ग निवडला. गरोदर कुणबीण, तिचा नवरा, त्यांना भीती घालून खर्चात पाडणारा जोशी, मधे मधे बोलणारा विदूषक. ज्यांच्याबद्दल दुसरेच बोलत आले होते, ती माणसं इथं स्वतः बोलू लागली. दक्षिणा प्राइझ कमिटीनं ते नाटक नाकारलं, आणि शंभराहून अधिक वर्षं ते छापलं गेलं नाही. पुढे सत्यशोधक जलशांनी आणि आंबेडकरी जलशांनी गावोगावी हेच केलं. ज्याला पाणवठ्यावर उभं राहू दिलं जात नव्हतं, तो जलशात उभा राहून 'मी' म्हणाला आणि समोरच्या गर्दीनं ते ऐकलं.

दिवाकरांची आठवण तर काढलीच पाहिजे. शंकर काशिनाथ गर्गे हे त्यांचं नाव. पेशानं शिक्षक. रॉबर्ट ब्राउनिंगच्या नाट्यात्म एकभाषितांवरून त्यांना कल्पना सुचली आणि १९११ पासून त्यांनी मराठीत नाट्यछटा लिहिल्या. एकच पात्र बोलतं. समोरची माणसं दिसत नाहीत, त्यांचे शब्द ऐकू येत नाहीत. ते काय म्हणाले असतील हे बोलणाऱ्याच्या उत्तरावरून आपण ताडायचं. 'पंत मेले - राव चढले' या त्यांच्या नाट्यछटेच्या नावातच एका घरातलं दुःख आणि दुसऱ्या घरातली बढती शेजारी शेजारी आहेत. एकाच घटनेकडे दोन घरांतून बघायला शिकवणारा याहून सोपा धडा मला ठाऊक नाही.

गिरणगावात दिवसभर साच्यावर उभे राहणारे कामगार रात्री तालमीला जायचे. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धांतून आणि १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्य स्पर्धेतून कारकून, शिक्षक, बँकेतले रोखपाल स्टेजवर उभे राहिले. तळकोकणातल्या दशावतारात तर लिहिलेली संहिताच नसते. नट त्या पात्राच्या डोक्यानं विचार करून ऐनवेळी बोलतो. गोव्यात जत्रेला, कालोत्सवाला गावकरीच तोंडाला रंग लावतात. झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या धानाच्या मुलखात, दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटकं रंगतात आणि त्यासाठी घरोघरी पाहुणे उतरतात. आणि औरंगाबादच्या प्राध्यापक लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्यानं ५२ माणसं उभी केली! मराठवाड्यातला एक माणूस, आणि त्याच्या आत अख्खं वऱ्हाड. एवढा मोठा वारसा असताना आपण मुलांना ओठ हलवायला लावावं का?

पण एक गोष्ट आपण सरळ मान्य करू. आपलं सगळंच हौशी नाटक काही सहृदय नव्हतं. गडी म्हणजे बावळट, गावाकडची बोली म्हणजे हशा, जाड मुलगी म्हणजे हशा, बायकी बोलणारा मुलगा म्हणजे हमखास टाळ्या. अशा नाटकात माणसं दुसऱ्याच्या जागी उभी राहत नाहीत, त्याच्या छातीवर उभी राहतात. विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ साली रंगभूमीवर आलं. त्यातही एक हौशी नाटकमंडळीच आहे. वेळ काढायला म्हणून ती खोटा खटला भरवते, आणि बघता बघता त्या खेळात लीला बेणारे या बाईची शिकार होते. तिला खरोखर काय झालं आहे, तिचं म्हणणं काय आहे, हे ऐकून घ्यायला कुणीच थांबत नाही. प्रत्येकानं आपापल्या मनात एक बेणारे बनवून ठेवली आहे आणि तो तिच्याशीच बोलतो आहे.

म्हणून नाटक परत आणताना त्यात एक नियम घालून आणूया. कल्पना करण्याआधी विचारायचं.

या नियमाला भक्कम आधार आहे. ताल इयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली यांनी २५ प्रयोग केले आणि २०१८ साली ते प्रसिद्ध झाले. 'स्वतःला त्याच्या जागी ठेवून बघा' असं लोकांना सांगितलं, तर समोरच्याच्या मनातलं त्यांना अधिक अचूक कळतं का? कळत नाही, असं दिसलं. अचूकता वाढली ती त्या माणसालाच विचारल्यावर आणि त्याचं ऐकून घेतल्यावर. किती साधी गोष्ट आहे, आणि आपण ती किती टाळतो! डोळे मिटून 'मी त्याच्या जागी असतो तर' म्हणताना त्या जागी आपण आपल्यालाच बसवतो; आपली भीती, आपला पगार, आपली भाषा सगळं घेऊन. तिथं तो कुठे असतो?

याचा अर्थ काय, ते एका उदाहरणानं सांगते. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला येतात. सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी गावांच्या कडेला त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात. डिसेंबर-जानेवारीत त्याच गावातल्या शाळेत गॅदरिंगची गडबड असते. म्हणजे एका रस्त्याच्या अलीकडे स्टेज बांधलं जातं आणि पलीकडे पहाटेच्या अंधारात, पेटलेल्या चुलींच्या उजेडात, ऊसतोडीचा फड जागा होतो. गावातली मुलं रोज त्या कोप्यांवरून शाळेत जातात. कोपीतल्या मुलांची नावं त्यांच्यातल्या किती जणांना ठाऊक असतात?

समजा, अशा एका शाळेनं ठरवलं की यंदा ऊसतोडीवर नाटक करायचं. नेहमीच्या पद्धतीनं केलं तर काय होईल? एक मुलगा डोक्याला मुंडासं बांधेल, एक मुलगी फाटकं लुगडं नेसेल, एक मुकादम दारू पिऊन झोकांड्या खाईल, शेवटी कुणीतरी शिक्षणाचं महत्त्व सांगेल आणि पालक टाळ्या वाजवतील. यात कुणाला काहीच नवं कळलेलं नसेल.

आता दुसरी पद्धत बघू. तालीम सुरू होण्याआधी मुलं वही घेऊन, शिक्षकांबरोबर, आधी विचारून, वेळ ठरवून कोप्यांवर जातात. 'तुम्हाला काय त्रास होतो?' असा पाहुण्यासारखा प्रश्न विचारत नाहीत. सकाळी उठल्यावर पहिलं काम कोणतं? गावाकडचं घर कुणाच्या भरवशावर टाकून आलात? इथं कोणती गोष्ट आवडते? आमच्या गावातलं काय खटकतं? मग हळूहळू उत्तरं येतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात, म्हणजे दोन माणसांचा मिळून एक हिशेब. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती टनावर फेडायची असते. म्हणून आजारी पडणं परवडत नाही. उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याची हिरवी पानं, विकून वरचा खर्च भागवायचा. मुलं सोबत आणावीत तर शाळा बुडते, गावी ठेवावीत तर जीव तिकडे राहतो.

आणि कदाचित कोपीतली एखादी आजी हसून विचारेल, "आमचं नाटक करताय, तर आमची पोरं कुठंयत त्यात?"

हा प्रश्न आला की नाटक बदलतं. मग कोपीतली मुलंही तालमीला येऊ शकतात. ती आपल्या मराठीत, बीडकडच्या हेलात बोलतील. ते हेल सुधारायचे नाहीत. उलट गावातल्या मुलांनी ते शिकायचे. आणि पात्रवाटप करताना मजा करूया: शेतमालकाच्या मुलाला कोयता द्या, आणि तोडणीवाल्याच्या मुलीला शेतमालक करा. तिलाही कळू दे, की ऊस वेळेत तुटला नाही तर वजन घटतं आणि मालकाचा जीव टांगणीला लागतो. शिकायचं दोन्ही बाजूंनी आहे. ज्याचं गावात वजन जास्त त्यानं अधिक शिकायचं, हे मात्र खरं.

ही निव्वळ स्वप्नं नाहीत. रत्नाकर मतकरींनी १९६२ साली 'बालनाट्य' ही संस्था काढली आणि मुलांना राक्षस, चेटकिणी, राजे दिले. त्याच मतकरींनी उतारवयात, २०१४ साली, ठाण्यात 'वंचितांचा रंगमंच' सुरू करायला पुढाकार घेतला. तिथं वस्त्यांमधली मुलं स्वतःच्या आयुष्यातले विषय घेऊन, स्वतः नाटिका रचून उभी राहिली. त्यांच्याबद्दल कुणी बोलण्याची वाट त्यांनी बघितली नाही. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांनी तर प्रेक्षकालाच स्टेजवर बोलावण्याची रीत घातली. अन्यायाचा प्रसंग दाखवायचा, मग थांबायचं आणि विचारायचं: या जागी तुम्ही असता तर काय केलं असतंत? या, करून दाखवा. पश्चिम बंगालमध्ये 'जन संस्कृति' ही संस्था १९८५ पासून खेड्यापाड्यांत काम करते आहे आणि तिनं ही पद्धत तिथं रुजवली आहे. आपल्या ग्रामसभेच्या आधी असा वीस मिनिटांचा खेळ झाला तर? पाण्याच्या टँकरवरून होणारं भांडण एकदा स्टेजवर होऊ दे, आणि सरपंचांना रांगेतल्या बाईच्या जागी उभं करूया.

नाटक का थांबलं, हेही समजून घेतलं पाहिजे. शिक्षकांना दोष देऊन चालणार नाही. त्यांच्यामागे माहिती भरण्यापासून निवडणुकीपर्यंत शंभर कामं लागलेली असतात. आपलं मूल स्टेजवर दिसलंच पाहिजे, हा आग्रह आपला, पालकांचा आहे. चार मिनिटांच्या नाचात चाळीस मुलं बसतात. नाटकात आठच कामं असतात. मग शाळा काय करणार? मोकळ्या मैदानावर दोन हजार माणसांसमोर मुलांचा आवाज पोचत नाही, म्हणून संवाद रेकॉर्ड करावे लागतात. या खऱ्या अडचणी आहेत, आणि त्यांवर उपायही आहेत.

मैदान सोडूया. वर्गातली बाकं मागे सरकवली की साठ-सत्तर माणसांचं नाट्यगृह तयार होतं. माइक लागत नाही. एका वर्गाचं नाटक त्याच वर्गाच्या पालकांसमोर, शनिवारी सकाळी. पुढच्या शनिवारी पुढचा वर्ग. कामं कमी पडत असतील तर नाट्यछटा घ्या. एक मूल, एक खुर्ची, चार मिनिटं. दिवाकरांच्या घ्या, आणि मुलांनाही लिहू द्या. विषय एकच: 'ज्याच्याशी मी रोज बोलतो, पण ज्याला कधी काही विचारलेलं नाही असा माणूस.' घंटागाडीवरचे काका, शाळेत पोळ्या करणाऱ्या मावशी, रिक्षावाले, शेजारच्या अंथरुणाला खिळलेल्या आजी. त्यांच्याशी बोलायचं, मग 'मी' म्हणून चार मिनिटं उभं राहायचं, आणि खेळ बघायला त्यांनाच बोलवायचं. ते पहिल्या रांगेत बसले असतील तर कुणी त्यांची टिंगल करणार नाही; आणि कुठं चुकलं ते नंतर त्यांनीच सांगावं.

गणेशोत्सव मंडळांनो, तुमच्याकडे स्टेज आहे, दिवे आहेत, दहा दिवस आहेत. त्यातली एक संध्याकाळ द्या. सोसायटीतल्या मंडळींनो, वॉचमन, घरकाम करणाऱ्या ताई आणि सोसायटीचे सेक्रेटरी यांच्यातला एक प्रसंग बसवा, आणि कामं उलटी वाटा. ज्येष्ठ नागरिक संघांनो, तुमच्यातल्या कितीतरी जणांनी राज्य नाट्य स्पर्धेत कामं केली आहेत. शाळांना तालीम मास्तर हवे आहेत आणि तुमच्या संध्याकाळी मोकळ्या आहेत. परदेशातल्या मराठी शाळांत शनिवार-रविवारी येणाऱ्या मुलांना व्याकरणाच्या आधी आजोबांचं काम द्या. फोनवर आजोबांना विचारल्याशिवाय ते काम त्यांना जमणार नाही, आणि आजोबांनाही त्या निमित्तानं विचारू दे की तिकडे तुम्ही सकाळी काय खाता, शाळेत तुम्हाला कोण काय म्हणतं.

घरातही करता येईल. भातुकली खेळणारी मुलं हे रोज करतात. मोठ्यांनीच सोडून दिलंय. एखाद्या रविवारी जेवणानंतर घरातलं नेहमीचं भांडण खेळून बघा. बाबांनी मुलीचं काम करायचं, मुलीनं बाबांचं. एकच अट: समोरचा मधेच म्हणाला, "मी असं म्हणत नाही," तर थांबायचं आणि विचारायचं, "मग कसं म्हणतोस?" त्यानं सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं, त्याच्याच सुरात म्हणायचं. हसू येईल, थोडं अवघडल्यासारखंही होईल. होऊ द्या.

वेळ मात्र फार नाही. गॅदरिंगचं वेळापत्रक दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच ठरतं, आणि एकदा गाणी ठरली की पत्रिकेत जागा उरत नाही. म्हणून या आठवड्यात मुख्याध्यापकांना भेटा. तक्रार घेऊन जाऊ नका, हात घेऊन जा: "सर, एक वर्ग द्या. शनिवारची तालीम आम्ही चार पालक घेतो. कपडेपट घरून आणतो. एक नाटक यंदा बसवूया." बहुतेक शाळा नाही म्हणणार नाहीत, त्या वाटच बघत असतात. पहिल्या तालमीला संहिता नसली तरी चालेल. मुलांना प्रत्येकी एक वही द्या, कुणाला काय विचारायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवा, आणि पुढच्या शनिवारी उत्तरं घेऊन यायला सांगा. नाटकाचं पहिलं पान त्या वह्यांमधूनच लिहायला घ्या.